कोमट कुप्या

औषधभांडाराचं मोठं पद मिळालं तर कुलूपरावाच्या पदरात नेमकं काय पडणार, हा हिशोब त्याच्या बायकोला तोंडपाठ होता. पगार नावापुरता वाढणार, मान त्याहूनही कमी. पण प्रसूतिगृहाच्या आवारातलं घर मिळणार. लेक गरोदर, अंगानं काडी, जावई बोटीवर. वेळ आली की तिला नुसता व्हरांडा ओलांडून लेबर रूममध्ये नेता येईल, एवढ्याचसाठी या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाची हांजी हांजी केली.

कुलूपराव हे नाव नर्सेसनी ठेवलेलं. कापसाच्या बोळ्यालाही तो कुलूप लावतो, असं त्यांचं म्हणणं.

निवड करणारे साहेब भांडार बघायला आले तो दिवस उकाड्याचा. साहेबांना घाम फुटला तसा कुलूपराव पंखा घेऊन धावला. भिंतीला प्लगची जागा एकच. त्यानं फ्रीजचा प्लग काढला, पंख्याचा लावला. साहेब गार झाले, खूश होऊन गेले, आणि कुलूपरावही हवेत तरंगत कुलूप लावून घरी गेला. पुढे सुट्ट्या लागून आल्या. परतून दार उघडलं तेव्हा फ्रीज मुका होता.

आत इंजेक्शनच्या कुप्या होत्या. बाळंतपणानंतर रक्त थांबेना तर द्यायच्या. हे औषध सैल पडलेली गर्भपिशवी मुठीसारखी आवळून धरतं, पण थंडीत ठेवलं तरच. ऊब लागली की ताकद जाते, आणि गेलेली दिसत नाही. पाणी तसंच नितळ. असा खोका बाजूला काढायचा आणि वर कळवायचं, हे त्यानंच नव्या पोरींना घोकून घेतलं होतं. आता कळवलं तर पद गेलंच. त्यानं प्लग लावला. गार झाल्यावर कोण ओळखतंय?

गार मात्र होईनात. शेजारची औषधं बर्फासारखी, आणि या कुप्या कोमट. त्यानं खोका मागे सरकवला, पार बर्फाच्या कप्प्याला टेकवला. दुसऱ्या दिवशी हात लावला, तर झोपलेल्या माणसाच्या तळव्यासारखी ऊब.

पहिली कुपी लेबर रूममध्ये गेली तेव्हा तो भांडाराच्या दारातच उभा राहिला. लेबर रूम सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टर परत आल्या त्या हसत. सुई बाहेर निघायच्या आत रक्त थांबलं म्हणे. असा माल एवढ्या वर्षांत पाहिला नव्हता. पुढच्या बाईचंही तसंच. तिच्यानंतरची तर अशी गुलाबी होऊन घरी गेली की नवऱ्यालाही ओळखायला वेळ लागला, असं सिस्टरनी रंगवून सांगितलं. कुलूपरावाचा जीव भांड्यात पडला. पद मिळालं, घर मिळालं, लेक राहायला आली.

लेक पांढुरकी दिसू लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, गोळ्या वाढवल्या, पुन्हा तपासलं; आणखी कमी. गोळ्या खिडकीतून फेकतेस की काय, म्हणून त्यांनी तिला थट्टेत दटावलं. जखम नाही, कुठे डाग नाही. मग एकदा जेवताना बायको सहज म्हणाली, "तुमच्या त्या मोठ्या सिस्टर कुपी न्यायला पळाल्या ना, की हिला घेरी येते. बघा एकदा."

त्यानं बघितलं. व्हरांड्यातून सिस्टर कुपी घेऊन गेल्या. थोड्याच वेळात खिडकीशी बसलेल्या लेकीचे ओठ खडूसारखे झाले.

"बाबा, कुठलं दार उघडं आहे का?" ती म्हणाली. "अंगातून वारा गेला."

तो तसाच उठून भांडारात आला. खोक्यात शेवटची कुपी उरली होती. फोडायची म्हणून त्यानं ती मुठीत घेतली, आणि थबकला. आत ठोके लागत होते. संथ, ओळखीचे, लेक लहानपणी त्याच्या छातीवर झोपायची तेव्हा लागायचे तसे.

दारात मोठ्या सिस्टर. "द्या लवकर. बाई हातची चाललीय. बाकी सगळं देऊन झालं."

"ही खराब आहे," तो म्हणाला. मग सगळंच सांगून टाकलं: साहेब, पंखा, प्लग, सुट्ट्या.

सिस्टरनी ऐकून घेतलं. "खराब असती तर त्या सगळ्या वाचल्या असत्या का? मूठ सोडा, अहो. तीही कुणाची लेकच आहे."

मूठ उघडली. सिस्टरनी उघडली की त्यानं, हे त्याला पुढे कधी ठरवता आलं नाही.

बाई वाचली.

लेकीच्या कळा त्याच संध्याकाळी सुरू झाल्या. व्हरांडा ओलांडून नेलं, ठरलं होतं तसंच. बाळंतपण सोपं झालं. मुलगी, लालबुंद, आवाजी.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांचे हातमोजे स्वच्छ होते.

"रक्त फार गेलं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "थेंबही नाही." आणि त्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

आत चादर पांढरीशुभ्र. रक्त तपासणारा माणूस लेकीच्या बोटाला सुई टोचून दाबत होता. मग दुसऱ्या बोटाला, मग तिसऱ्या. बोटं कोरडीच. लेक बाळाला कुशीत घेऊन हसत होती.

"बाबा," तिनं हळूच विचारलं, "सगळ्या वाचल्या ना?"

त्या बायकांविषयी तिच्यापाशी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

त्यानं मान हलवली. सगळ्या वाचल्या होत्या. पद त्याच्या वाट्याला, जीव त्यांच्या, आणि भरपाई एकट्या लेकीच्या. त्यानं तिचं मनगट हातात घेतलं. ती अजून हसत होती, आणि त्याच्या बोटांना काहीच लागत नव्हतं.