आपोआप आलेलं तिकीट

प्रिंटर आपोआप सुरू झाला.

स्वप्नालीने कशालाच हात लावला नव्हता. विसरवाडीच्या चौफुलीवरच्या तिच्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईकही नव्हतं. तरी कागदामागून कागद... आणि प्रत्येकावर चौकोन, कंस, कसल्याशा खुणा. यंत्राच्या अंगात आल्यासारखं.

"हाई काय शे?"

शेजारच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून एक पोरगा धावत आला आणि त्याने सरळ पिनच उपटली. "माफ करा... तिकीट पाठवलं होतं मी."

भरत त्याचं नाव. सातपुड्यातल्या काठी गावचा. त्याच्या मालकाने, गोकुळभाऊंनी, स्वप्नालीचाच प्रिंटर वायफायवरून वापरायचं ठरवलं होतं. पण भरतचा संगणक लिनक्सवर चालणारा, तिचा विंडोजवर. एकाचं दुसऱ्याला कळेना. जुळवतो, तो म्हणाला, तोवर पेनड्राइव्ह आणतो.

दुसऱ्या दिवशी तो पेनड्राइव्ह घेऊन हजर. "प्रिंटर सापडत नाही."

हे रोजचं. आज प्रिंटरचा ड्रायव्हर जुना, उद्या आणखी काही. एवढ्या वेळात गाडी सुरतला जाऊन परत येते, ती टोमणा मारायची. तो हसायचा, आणि तिकीट घेऊनही निघायचा नाही. पेनड्राइव्ह देता-घेता बोटं लागायची — दोघंही चटकन कागदाकडे बघायची.

होळीला तो गावी गेला. आणि —

प्रिंटर सुरू झाला. आपोआप.

सुरतचं तिकीट. अक्षर न् अक्षर स्वच्छ. स्वप्नालीने ते उचलून पुन्हा वाचलं. जुळलं... म्हणजे आता तो येणार नाही.

तिकीट न्यायला गोकुळभाऊ आले. ते सहज म्हणाले, भरत नाही म्हणून मीच पाठवलं; हे तर पहिल्याच संध्याकाळी जुळलं होतं. भरतनेच हात लावू नका म्हणून बजावलं होतं.

प्रिंटचे पैसे घ्यायचंही ती विसरली.

होळी करून भरत आला. काठीच्या होळीत अंगभर काढतात त्यातले पांढरे ठिपके कानामागे तसेच. हातात पेनड्राइव्ह. "ड्रायव्हर अजून —"

"तिकीट आलं. आपोआप."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"मंग तू रोज कसाले येस?"

बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत वळला. भरतने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "प्रिंट काढायला नाही... तुला बघायला."

स्वप्नालीने माऊस ओढला. शेअरिंग बंद केलं. तो हबकलाच — आता तर तिकडून खरंच काही येणार नाही, म्हणाला.

"नको येवाले," ती म्हणाली. "तू ये."