सुळेवालीची कूस

देवसिंगनं मसणातल्या पळसाखाली पहार मारली आणि ती ठणकन उलटून आली. च्यायला, इथं दगड कुठून आला?

वणीपलीकडचा हा तांडा कोळशाच्या खाणीत जाणार होता. माणसं उठली तर लेकरं तरी मागं कशाला टाकायची, म्हणून जो तो आपापली पुरलेली लेकरं नव्या वस्तीला नेत होता. तांड्यात लग्न न झालेल्याला जाळत नाहीत, पुरतात. आणि बाया मसणात येत नाहीत. त्यामुळे सात वर्षांची लेक जमनी तापानं गेली तेव्हा तिला नेमकं कुठं ठेवलं, हे एकट्या देवसिंगलाच ठाऊक. तीन वर्षं त्याची बायको बिजलीबाई घराच्या दारातूनच या पळसाकडं बघून रडत आली होती.

आज मात्र ती कोणाचं न ऐकता आली. "माह्या हातानं उचलीन," म्हणाली.

पोरीला पुरलं तेव्हा इथं भुसभुशीत माती होती. आता कमरेएवढ्या खड्ड्यात सलग तांबडा खडक, आणि खडकात अंगाचं वेटोळं करून निजलेलं, दगड झालेलं एक जनावर! डुकराएवढं असेल. तोंड कासवाचं, वर दोन सुळे.

"जागा चुकली तुमची," बिजलीबाई हळूच म्हणाली.

"पोरीची जागा चुकीन काय वं मी?" देवसिंग ओरडला.

खाणीच्या मोजणीवर आलेल्या नयन मॅडम दगडांच्या जाणकार. त्या खड्ड्यात उतरल्या. "डायनोसॉरच्याही आधीचं आहे हे. पंचवीस कोटी वर्षांचं. धड सरडा नाही, धड आपल्यासारखं दूध पाजणारं नाही, मधलंच काहीतरी. बिळात असं निजायचं. दादा, हा खडक तेव्हापासून कुणीच फोडलेला नाही."

"म्या माती खंदली होती मॅडम. याच हातानं."

मॅडमनी ब्रश फिरवला. वेटोळ्याच्या आत, पोटाशी, काही लहानसं होतं. "पिल्लू असेल," त्या म्हणाल्या. मोबाइलवर फोटो काढला, ताडपत्री टाकली. उद्या कापून काढू म्हणाल्या.

बिजलीबाईनं ताडपत्री जरा उचलून दगडावर तळहात ठेवला. "गरम हाय."

"उन्हानं तापला असंन."

"हिनं पिल्लाले कुशीत घेतलं, पाहा. आपण पोरीले एकलंच ठेवलं."

 देवसिंगनं ताडपत्रीची कड ओढून नीट केली.

सकाळी मॅडमनी ताडपत्री काढली आणि मोबाइलमधला कालचा फोटो उघडून बघितला. पुन्हा बघितला. फोटोत जनावराचं तोंड बाहेर होतं, वेटोळं उघडं होतं. आता तोंड आत वळलं होतं आणि पोटाशी फक्त एक फट उरली होती. खडकाला तडा नव्हता.

"असं होत नाही," मॅडम म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

देवसिंग फटीशी वाकला. आत एक सुळा होता.

सुळ्याला धरून पाच लहान बोटं होती. माणसाची. दगडाची.

बिजलीबाई खड्ड्यात उतरली. गुडघ्यावर बसली. "जमनी, मी होय वं. तुही याडी, तुही माय. चाल बाई, घरी चाल."

तिनं करंगळी हलकेच उकलायला धरली.

पाचही बोटं सुळ्याभोवती आणखी घट्ट वळली.