अकराच्या ठोक्याला थरथरणारा सूर्य

एक ससाणा. पंख न हलवता सरळ वर चढतोय.

विश्रामगृहातल्या चौदा पांढऱ्या चादरी गायब!

सिरोची तुटलेली चप्पल.

फळ्यावर खडूने : "शुक्रवार दुपारपर्यंत. नाहीतर जुना आरसा."

आता हे सगळं जुळवू या.

ला पाल्मा बेटाच्या माथ्यावर, ढगांच्याही वर, एका पांढऱ्या बुरुजात सूर्य बघायची दुर्बीण आहे. इदाइराच्या आईने तिच्यात नवा आरसा बसवला होता. हवेची थरथर ओळखून सेकंदाला हजारदा वाकणारा! सकाळी नऊला सूर्यावरचे डाग सुईने कोरल्यासारखे दिसायचे. अकरा वाजले, की सगळं उकळत्या दुधासारखं. मंगळवारपासून रोज! आई पडद्यासमोरून हलत नव्हती.

फळ्यावरची ओळ संचालक आरोचांची. जुना आरसा परत आला, तर आईचं काम संपणार. मग बेट सोडायचं.

शुक्रवार, साडेदहा. इदाइरा, तिचा धाकटा भाऊ एचेदेय आणि मित्र सिरो कठड्यावर बसून गोफिओचे, म्हणजे भाजलेल्या पिठाचे, गोळे खात होते.

"तो ससाणा बघ, पंखच हलवत नाहीये!" एचेदेय म्हणाला.

"आळशी असेल. तुझ्यासारखा!" सिरो म्हणाला.

"गप रे! गरम हवा वर चाललीय, तिच्यावर तरंगतोय तो," इदाइरा म्हणाली. "पण रोज बुरुजापाशीच का?"

सिरोने खाली उडी मारली. चप्पल तुटली, पाय जमिनीवर टेकला.

"आई गं! तवा आहे का काय हा!"

तिघांनी खाली पाहिलं. बुरुजाभोवती काळी ज्वालामुखीची खडी! या माथ्यावर कचऱ्याचे डबेसुद्धा पांढरे रंगवतात, ऊन परत फेकायला. आणि इथे खडी!

ती मंगळवारी सकाळीच पसरली होती सिरोच्या आजोबांनी. एलादिओ आजोबा इथले रखवालदार.

"पाहुणे येणार ना! शोभा नको?" ते म्हणाले. "शिवाय ओल टिकते. द्राक्षमळ्यात आम्ही हीच पसरतो."

"इथे द्राक्षं कुठायत, आजोबा?"

आजोबांनी टोपी मागे सारली. "नाहीत खरी. हाताची सवय, पोरा!"

इदाइरा पळत संचालक आरोचांकडे गेली. "काका, खडी तापतेय! दुर्बीण त्याच हवेतून–"

"बाळ, मोठ्यांची कामं चाललीत. खाली जाऊन खेळा!"

ती परत आली, ती कान लाल करूनच. "आजोबा, कपाटाची किल्ली द्या. चादरींच्या!"

"कशाला गं?"

"तुमची शोभा झाकायला!"

चौदा चादरी पसरल्या. उडू नयेत म्हणून कडांवर दगड. आजोबांनी स्वतःचा पांढरा सदराही अंथरला!

अकरा वाजले. सव्वाअकरा. काहीच नाही. एचेदेय नखं कुरतडू लागला.

मग ससाण्याने अचानक पंख फडफडवले आणि तो दुसरीकडे गेला.

वरची खिडकी धाडकन उघडून आई ओरडली, "इदाइरा! थांबला! सूर्य थरथरायचा थांबला!"

आरोचा तणतणत बाहेर आले. "या चादरी कुणी–" आईने खिडकीतून हाक मारली, तसे ते वर जाऊन पडदा बघून आले. मग फळ्यावरची ओळ त्यांनी स्वतःच्या बाहीने पुसली.

"शाबास! आणि मी तुम्हाला खेळायला पाठवत होतो!"

आई खाली येऊन पायरीवर बसली. हसत हसत तिने एचेदेयच्या हातातला उरलेला गोळा खाऊन टाकला. चार दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

सोमवारी खडी उचलायला सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या गोणीचं एक टोक आजोबांनी आणि दुसरं आईनेच धरलं होतं.