पाच नंबरचं कार्ड

शाळेच्या आवारात गाड्या लावायची पत्र्याची शेड होती. तिच्या खांबाशी ती स्टुलावर चढून उभी होती. एका हातात दोरा, दुसऱ्या हातात व्हॅसलिन फासलेलं पांढरं कार्ड. नेमकी तेव्हाच एक जुनाट फटफटी तिच्या पायांशी येऊन थांबली, दोनदा खोकली आणि तिनं काळ्या धुराचा लोट थेट वर सोडला.

"अहो! बंद करा ते धूड!"

"बंदच करतोय... ही ऐकेल तेव्हा."

स्टूल डगमगलं. त्यानं एका हातानं फटफटी सावरली, दुसऱ्या हातानं स्टूल धरलं आणि मान वर करून पाहिलं. महिन्याभरापूर्वी आलेला नवा ग्रंथपाल होता तो. त्याचा आवाज 'शूऽऽ'च्या वर गेलेला कुणी ऐकला नव्हता. मुलं त्याला फटफटी सर म्हणत. विज्ञान शिकवणाऱ्या तिला मुलं भिंगवाल्या बाई म्हणत आणि हे बाईंना ठाऊक नाही अशी त्यांची भाबडी समजूत होती.

"काय टांगताय?" त्यानं विचारलं.

"हवा पकडतेय. सातवीचा उपक्रम आहे. शाळेत आठ ठिकाणी अशी कार्डं लावायची. हवेतली धूळ, काजळी त्यांना चिकटते. शुक्रवारी उतरवायची आणि शनिवारी मुलांनी भिंगाखाली ठिपके मोजायचे."

"आणि पाच नंबरचं नेमकं इथं?"

तिनं मागे बोट दाखवलं. शेडला लागूनच बालवर्गाच्या खिडक्या होत्या. "आत चाळीस चिमुरडी बसतात, त्यातली निम्मी खोकतात. शेड फाटकाजवळ हलवा म्हणून दोन वर्षं घसा कोरडा करतेय मी. समिती म्हणते, पुरावा आणा. म्हणून हा पुरावा. चौथ्या शनिवारी समितीपुढे ठेवणार. तोवर कार्डाला कुणीही हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं." त्यानं खिशातून घडी केलेला रुमाल काढून पुढे धरला. "बोटं..."

तिनं चिकट बोटं पुसली. तो हसतोय हे जरा उशिरा लक्षात आलं.

"हसायला काय झालं?"

"काही नाही... नाकालाही लागलंय."

पहिल्या शनिवारी पाच नंबरच्या कार्डावर दोनशे चौदा ठिपके निघाले. बाकी सात कार्डांची बेरीज केली तरी एवढे होत नव्हते. सातवीचा वर्ग नुसता चेकाळला. मुलांना काय, काळं दिसलं की आनंद! आनंद तिलाही झाला. शेड हललीच म्हणायची.

दुसऱ्या शनिवारी मात्र त्रेसष्टच निघाले.

तिनं पुन्हा मोजायला लावलं. तरी त्रेसष्टच. बाकीची सात कार्डं होती तशीच होती. पांढरं पडलं होतं ते फक्त पाच नंबरचं. तिच्या मनात पाल चुकचुकली. कुणीतरी कार्ड बदलत होतं. शेड फाटकाजवळ गेली तर कुणाला लांबून चालत यावं लागेल? सगळ्यांनाच. पण त्या सगळ्यांत रणगाड्यासारखं वाहन कुणाचं होतं?

त्या दुपारी ती एक पुस्तक मागायच्या निमित्तानं ग्रंथालयात गेली. तो कपाटापाशी गेला तेव्हा तिनं उघड्या खणात हळूच डोकावलं. आत शिक्के होते, दोऱ्याचं रीळ होतं आणि व्हॅसलिनची डबी होती.

"ही कशाला?" तिनं डबी उचलूनच विचारलं.

"ओठ फुटतात माझे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"थंडी नसताना?"

"बाराही महिने." मग थोडं थांबून, "तुम्ही पुस्तक बघायला आला होतात की ओठ?"

ती पुस्तक न घेताच बाहेर पडली. चोर तर चोर, वर जीभही चालते! जिन्यात आल्यावर तिला आठवलं, ओठ खरंच फुटलेले होते. म्हणजे आपण ते नीट पाहिले होते. या विचारानं तिला आणखीच राग आला.

घरी तिनं सगळं वहिनीला सांगितलं. वहिनी गॅसजवळ चहा गाळत होती.

"हसतो कसा, तर असं खाली बघून. आणि रुमाल इस्त्रीचा! फटफटी असली आणि रुमाल इस्त्रीचा? काहीतरी पाणी मुरतंय, वहिनी."

"मुरतंय खरं. त्या फटफटीवाल्याचा विषय तू घरी आल्यापासून हा चौथ्यांदा निघालाय."

"मी संशयिताबद्दल बोलतेय."

"हो ना. तुझ्या दादाबद्दल मलाही असाच संशय होता. बघ, अजून निस्तरतेय." वहिनीनं कप तिच्या हातात दिला. "रुमाल परत केलास का ग?"

रुमाल धुऊन, घडी करून पर्समध्ये होता. पुरावा म्हणून ठेवला होता, असं तिनं स्वतःला बजावलं.

तिसऱ्या सोमवारी तिनं कार्डाच्या पाठीवर, कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं एक बारीकसा त्रिकोण काढून ठेवला. शुक्रवारी कार्ड उतरवलं तर त्रिकोण जागच्या जागी. कार्ड तेच होतं! आणि ठिपके? सदतीस. म्हणजे हा गृहस्थ कार्ड बदलत नाही, पुसून नवं व्हॅसलिन लावतो तर. तिला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. तरीही हा माणूस खोटा निघू नये असं तिला वाटत होतं, आणि ते तिला मुळीच पटत नव्हतं.

समितीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, ती शिपायाच्याही आधी शाळेत पोचली. बालवर्गात शिरली आणि खिडकीला चिकटवलेल्या कागदी माशांच्या आड दबा धरून बसली. खुर्ची एवढीशी, गुडघे हनुवटीला टेकलेले. समोर खांबाला पाच नंबरचं कार्ड लटकत होतं.

पावणेसातला फाटकाबाहेर ओळखीची फटफट ऐकू आली... आणि तिथंच बंद पडली.

मग चढावरून तो आला. फटफटीचं हँडल धरून, पुढे वाकून, ते धूड ढकलत. शर्ट पाठीला चिकटलेला. मध्ये दोनदा थांबून त्यानं दम खाल्ला. शेडमध्ये फटफटी लावली, केसांवरून हात फिरवला आणि कार्डासमोर उभा राहिला.

आता! ती श्वास रोखून बघत राहिली.

त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. कार्डाजवळ तोंड नेलं. ओठ हलत होते. तो ठिपके मोजत होता. मोजून झाल्यावर एकटाच हसला, खाली बघून, अगदी तसाच.

ती दार उघडून बाहेर आली. "किती झाले?"

तो दचकून मागे सरला आणि स्वतःच्याच फटफटीवर आपटला. "अकरा. पण शेवटचा... बहुधा चिलट आहे."

"ही गाडी कधीपासून ढकलताय?"

"पहिल्या शनिवारपासून. मुलं ग्रंथालयात येऊन सांगत होती, दोनशे चौदा, दोनशे चौदा! शेडमध्ये येऊन पाहिलं. इथं एवढा काळा धूर ओकणारी दुसरी कुणाची गाडी आहे? रोज संध्याकाळी मी ती दहा-दहा मिनिटं गरम करत होतो. या खिडक्यांखाली." त्यानं मान खाली घातली. "आता जातानाही फाटकाबाहेर नेऊनच सुरू करतो."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही एवढं बारीक मोजता... म्हटलं, कार्डावर दिसेलच. मग एक दिवस विचाराल, हे कुणी केलं म्हणून. त्या दिवसाची वाट बघत होतो. तर तुम्ही विचारलंत, डबी कशाला."

तिला हसू फुटलं आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. किती वर्षं ती मुलांकडून बिया पेरून घेत होती, कचरा वेगळा करून घेत होती, ठिपके मोजून घेत होती. कशासाठी? तर कुणीतरी एकानं तरी बदलावं म्हणून. आणि एक जण खराच बदलला, तर तिनं त्याला चोर ठरवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

पण लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. "अहो, तुम्ही माझा पुरावाच पुसलात! समिती म्हणेल, कार्ड पांढरं आहे, शेड कशाला हलवायची?"

त्याचा चेहरा पडला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "पुन्हा... सुरू करून आणू गाडी? दोन दिवस?"

"या खिडक्यांखाली?"

"नाही," तो म्हणाला. "नाही जमणार."

"मलाही नाही."

शनिवारी मुलांनी चारही आठवड्यांची पाच नंबरची कार्डं फळ्यावर ओळीनं लावली. चौथ्यावर अठरा ठिपके होते. समितीचे अध्यक्ष चष्मा सारखा करून म्हणाले, "छान! म्हणजे त्रास आपोआपच मिटला की. मग शेडचं काय घेऊन बसलात, बाई?"

"आपोआप नाही मिटला, सर," ती म्हणाली. पुढचं सांगायचं तर त्याच्याकडे बोट दाखवावं लागणार होतं. दोन आठवडे मनातल्या मनात दाखवलेलं ते बोट आता काही केल्या उचलेना.

मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं.

"ते ठिपके माझे आहेत."

आवाज एवढा खणखणीत की मुलांनीच मागे वळून 'शूऽऽ' केलं. ग्रंथपाल बाकाची कड धरून उभा होता, बोटं पांढरी पडलेली. "पहिल्या कार्डावरचे. माझ्या गाडीचे. मी ती फाटकापासून ढकलत आणायला लागलो आणि पुढची कार्डं अशी झाली. एक गाडी थांबली तर एवढा फरक. पण मी उद्या आजारी पडलो, कंटाळलो, तर? चाळीस मुलांचा श्वास माझ्या मर्जीवर का ठेवायचा? शेड हलवा."

 मग खेळाचे सर घसा खाकरून उठले. "थोडे... माझ्या स्कूटरचेही असतील." पाठोपाठ कार्यालयातल्या बाई उठल्या. अध्यक्षांनी खिडकीतून आपल्या लांबलचक मोटारीकडे पाहिलं आणि मग कागद पुढे ओढला. सुट्टी लागली की शेड फाटकाजवळ जाणार, असं ठरलं.

शाळा सुटल्यावर ती शेडपाशी थांबली. तो आला तेव्हा तिनं रुमाल पुढे केला.

"दोन आठवडे मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

"दोन आठवडे तुम्ही माझ्याकडेच बघत होतात," तो म्हणाला. "माझं काय नुकसान झालं?"

"मला अजून एक संशय आहे."

"कोणता?"

"की मी... तुम्हाला आवडते."

त्यानं रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "पुरावा?"

"चार कार्डं."

"मान्य आहे," तो अगदी हळू बोलला.

"ऐकू नाही आलं. समितीपुढे बोललात तसं बोला."

"मान्य आहे!" फाटकावरच्या शिपायानं वळून पाहिलं. "आणि तुमचं?"

तिनं पर्स खांद्यावर अडकवली, फटफटीच्या मागे गेली आणि दोन्ही हात सीटला लावले. "ढकला. मला तुमच्याबरोबर यायचंय, एवढं पुरे ना?"

फाटक आलं, मागे पडलं. आता इंजिन सुरू करायला काहीच हरकत नव्हती. बोलत बोलत दोघं ते धूड रस्त्याच्या टोकापर्यंत ढकलत गेले, आणि गाडी सुरू करायची कुणालाच आठवण झाली नाही.