येऊ दे, येऊ दे

दुपारी तुम्ही गाडीभोवती फिरून बघत होतात, ते मी ओटीवरून पाहिलं. आवडली ना? सगळ्यांना आवडते. विकणार का, असंही सगळे विचारतात. माझा मुलगा वेद पुण्याहून फोन करतो तेव्हा तब्येतीच्या आधी तेच विचारतो. नाही विकणार. का, ते सांगते. तो दिवा जरा अलीकडे घ्या, वारा लागतोय त्याला.

आमचं घर मालगुंडच्या अलीकडे, खाली वाडीत, आणि आंब्याची बाग वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. मधे जांभ्याची घाटी. ही डिझेलची पिकअप येईपर्यंत सगळं डोक्यावरून वर जायचं. शेणखत, पेंढा, कलमांना पाणीसुद्धा. मग ह्यांनी, म्हणजे हरिहरनी, ही जुनी गाडी आणली. पुढे दोघांची बैठक, मागे उघडा हौदा. पहिल्या दिवशी रंग उडालेल्या बॉनेटवर मी कुंकू लावलं आणि हे म्हणाले, "आता हिला घरातलंच माणूस समज."

तशीच राहिली ती. आंब्याच्या पेट्या वाहिल्या, खतासाठी माशांची कुटी वाहिली. त्या कुटीचा वास आठवडाभर जायचा नाही, आणि त्याच हौद्यात चटई अंथरून भाद्रपदात वाडीतले गणपती यायचे. वाडीतल्या सगुणाला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला घेऊन निघालो, तर तिची मुलगी हौद्यातच झाली, पेंढ्यावर. ती पोरगी आता कॉलेजात जाते. गाडी दिसली की हसून तिच्या पत्र्यावर हात फिरवते.

सकाळी किल्ली अर्धी फिरवायची, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग इंजिन खोकल्यासारखं करून सुरू व्हायचं. त्या आवाजावर माझा चहा उकळायचा. अजूनही डिझेलचा धूर नाकात गेला की मला आधी चहाची आठवण येते.

मी चालवायला शिकले ती पन्नाशीच्या तोंडावर. ह्यांचीच हौस. सरळ चालवणं लवकर जमलं, पण गाडी मागे घ्यायची म्हटली की मी हमखास उलट्या बाजूला वळवायचे. तेव्हा हे मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "आरशात बघूच नकोस. माझा आवाज ऐक फक्त." मग एका सुरात सुरू व्हायचं, "येऊ दे... येऊ दे... जरा डाव्या हाताला... येऊ दे... बास." त्यांनी बास म्हटलं की गाडी बरोब्बर फणसाखाली उभी असायची. पुढे पुढे मला आरशात बघून जमू लागलं होतं, तरी मी बघत नसे. त्यांचा आवाज ऐकायची सवय लागली होती.

हे गेले तेही ह्याच गाडीत. छातीत दुखायला लागलं म्हणून मी त्यांना शेजारी बसवून रत्नागिरीला निघाले. आरे-वारेच्या चढावर ते समुद्राकडे बघत होते. पलीकडे गाडी उतरली तेव्हा त्यांचे डोळे तसेच होते, पण बघणं थांबलेलं होतं. मी मात्र इस्पितळापर्यंत त्यांच्याशी बोलत राहिले.

वेदचं म्हणणं, बाग कुणाला तरी कराराने द्यावी, गाडी विकावी आणि मी पुण्याला यावं. मी म्हटलं, एक हंगाम बघते. मला जमलं तर राहीन, नाही जमलं तर येईन. रामा होताच. तो आमच्याकडे तरुणपणापासून आहे, राजापूरकडचा. कलमांचं सगळं बघतो, पण गाडीच्या स्टीअरिंगला हात लावत नाही. तेव्हा गाडी चालवणं माझ्याच वाट्याला आलं.

त्या वर्षी पौषात मोहर असा आला होता की झाडाचं पान दिसेना. आणि नेमकं धुकं सुरू झालं. धुकं म्हणजे मोहराचा वैरी. मोहर काळा पडायच्या आत फवारणी व्हायला हवी होती, नाहीतर हंगाम गेला आणि त्याबरोबर माझं इथलं राहणंही. रामा उजाडताच चालत वर गेला, पंप काढून ठेवायला. मी मागून पाण्याची टाकी हौद्यात भरून निघाले.

घाटीपर्यंत ठीक होतं. सड्यावर आले आणि पुढचं सगळं नाहीसं झालं. दिवे लावले तर भिंतीवर लावल्यासारखा उजेड परत माझ्याच तोंडावर आला. सड्यावर एरवी वारा असतो, टिटव्या ओरडत असतात. त्या सकाळी काही नाही. फक्त इंजिन, आणि काचेवरून ओघळणारं पाणी. मोहराचा वास इतका दाट की घशाशी येत होता.

पंपाची खोपी उजव्या हाताला असते. टाकी तिथे लावायची म्हणजे गाडी वळवून मागे घ्यायची. मी अंदाजानं वळवली. काच खाली केली आणि हाक मारली, "रामा, मागे बघ रे जरा."

मग मागून आवाज आला, "येऊ दे."

मी रिव्हर्स टाकला. गाडी हळूहळू मागे सरकू लागली.

"येऊ दे... येऊ दे..."

रामाला सर्दी झाली असेल, असं वाटलं मला. आवाज जरा बसका होता.

"जरा डाव्या हाताला... येऊ दे..."

मी चाक वळवलं. आणि मग लवंगेचा वास आला. हे जेवण झालं की लवंग चघळायचे. बैठकीच्या रेक्झिनमध्ये तो वास मुरला होता, कधीकधी उन्हानं वर यायचा. पण त्या दिवशी ऊन नव्हतं, आणि वास बैठकीतून नव्हे, उघड्या खिडकीतून येत होता.

"येऊ दे, मालू..."

माझं नाव मालिनी. मालू म्हणणारा माणूस एकच होता.

तुम्ही म्हणाल, त्या क्षणी ब्रेक दाबायला हवा होता. खरं आहे. भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीच्याही खाली दुसरं काहीतरी होतं, ते जास्त मोठं होतं. हे गेल्यापासून मी तो आवाज आठवायचा प्रयत्न करत होते. चेहरा फोटोत असतो. आवाज कुठे असतो? तो माझ्या कानातून झिजत चालला होता, आणि आता तो मागे उभा राहून मला वाट दाखवत होता. मी आरशात बघितलं नाही. गाडी थांबली की तो बास म्हणेल, आणि बास म्हटलं की गप्प होईल, एवढंच मला कळत होतं. म्हणून मी थांबत नव्हते.

"येऊ दे... येऊ दे..."

खोपी कधीच यायला हवी होती. मी खूप मागे आले होते, हे मला समजत होतं. चाकांखाली आधी गवत होतं, मग नुसता कातळ लागला. मी रडत होते आणि गाडी मागे नेत होते.

"येऊ दे, मालू... ये..."

मागचं चाक कशावर तरी आदळलं. गाडीनं गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं.

इतकी शांतता मी कधी ऐकलेली नाही. त्या शांततेत तो आवाज पुन्हा आला, तितकाच मायेनं. पण आता तो मागून येत नव्हता. खालून येत होता. विहिरीच्या तळातून यावा तसा.

"येऊ दे..."

आणि त्याच वेळी समोरून, खूप लांबून, रामाची हाक आली. "वैनी... कुठं हाव तुमी? गाडीचा आवाज खाणीच्या अंगाला कसा येतोय?"

रामा समोर होता. समोर आणि लांब. मी हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून बसले. आमच्या बागेला लागून जुनी चिरेखाण आहे. चिरे काढून काढून सरळ कापलेली, तळाशी पाणी. तेव्हा कडेला कुंपण नव्हतं.

रामा धापा टाकत धुक्यातून आला. गाडीच्या मागे गेला आणि तिथेच थबकला. मग माझ्या खिडकीशी आला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"वैनी, उतरू नुका. हालू नुका. मागं... मागं जागाच नाय."

"चाक अडलंय ना कशाला तरी?"

"दगड हाय. एकच."

"तू लावलास?"

त्यानं मान हलवली. "मी तर खोपीजवळ व्हतो."

गाडी पुढे काढायची म्हणजे पुन्हा सुरू करणं आलं, आणि ब्रेक सोडणं आलं. ते मलाच करायचं होतं. मी रामाला बाजूला व्हायला सांगितलं. किल्ली अर्धी फिरवली. हीटरचा तांबडा दिवा लागला. तो विझेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात मी कान देऊन ऐकत होते. आवाज नव्हता, पण कुणीतरी वाट बघतंय हे कळत होतं. खोलीत माणूस गप्प बसलेलं असलं तरी कळतं, तसं.

मी म्हटलं, "अहो, मी आत्ता येत नाही. फवारणी राहिली आहे."

दिवा विझला. मी गाडी सुरू केली आणि पुढे काढली.

फवारणी झाली त्या दिवशी. खोटं वाटेल, पण रामा आणि मी ऊन येईपर्यंत सगळी कलमं फवारली. हंगाम चांगला झाला. वेदला सांगितलं, मी इथेच राहते. त्याला बाकीचं काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. खाणीच्या कडेला रामानं नंतर दगडांचा गडगा घातला.

मी अजून गाडी मागे घेते, रोज घेते. आता आरशात बघते. आवाज पुन्हा आला नाही. कधीकधी रिव्हर्स टाकला की मी उगाच क्षणभर थांबते. का, ते तुम्हाला कळलं असेल.

एवढं मात्र मला अजून सुटत नाही. बोलावणारा आवाज त्यांचा होता, त्यात मला शंका नाही. मग दगड कोणी लावला? की दगड त्यांनी लावला, आणि आवाज... जाऊ दे.

दगड तिथेच आहे, गडग्याला लागून. धुकं विरलं तेव्हा आम्ही दोघांनी तो नीट पाहिला. सड्यावर सगळा जांभा, तांबडा, भोकाभोकांचा. हा काळा आहे, गोल झिजलेला, लाटांत झिजतो तसा. रामा म्हणाला, "वैनी, ह्यो दगड हितला नाय." त्यानं त्याला हात लावला नाही, अजून लावत नाही. दहाव्याला ह्यांचा जीवखडा समुद्रात सोडला, पण तो एवढासा, मुठीत मावेल असा. हा तो नव्हे.

दगडाच्या एका अंगाला कालवं, म्हणजे समुद्रातल्या खडकांवरची शिंपलं, चिकटलेली आहेत. कालवं पाण्याखाली असली तरच तोंड उघडतात, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. समुद्र तिथून किती तरी खाली आहे. गेल्या वैशाखात, कातळावर पाय ठेववत नव्हता अशा उन्हात, मी त्याच्याजवळ वाकून बघितलं. दगड ओला होता आणि कालवं उघडी होती.

मी बोट जवळ नेलं, तशी ती एकेक करून मिटली.