इरावती नावाच्या दोघी

नावावर विसंबू नये, हे त्या काळी शाळेतच शिकवत. जुन्या नोंदींत एकाच नावाची माणसं इतकी मिसळली होती की आजोबांचं दुखणं नातवाच्या खाती लागे. म्हणून ‘विलगक’ आला. हे यंत्र रक्तगट, दात, हाडांची छायाचित्रं ताडून पाही आणि एका नावामागची माणसं वेगळी करी.

मिरजेच्या वंशशोध केंद्रात इरावती लोंढे त्याच्या पडद्याकडे संशयानं पाहत होत्या. शेजारी पती श्रीरंग. त्यांच्या लेकीचे, शलाकाचे, स्नायू झडत चालले होते. पेशीपेशीतली ऊर्जाकेंद्रं बिघडली होती. ही केंद्रं मुलाला आईकडूनच मिळतात. या पिढीजात धाग्याला ‘मातृसूत्र’ म्हणत. त्याच सूत्रातली निरोगी केंद्रं मिळाली, तरच शलाका वाचणार होती.

“तुमची चालणार नाहीत,” डॉ. हुमेरा मुजावर म्हणाल्या. “इरावती श्रीरंग लोंढे दोन आहेत. शलाका तुमची नाही, त्या दुसऱ्या बाईंची.”

“नऊ महिने उलट्या मी काढल्या, का तुमच्या यंत्रानं?”

“वाढवलंत तुम्हीच. पण प्रयोगशाळेत फळवलेलं स्त्रीबीज तुमचं नव्हतं; बीजपेढीत त्याच नावावर साठवलेलं होतं.”

इरावतीबाई नवऱ्याकडे वळल्या. पहिली बायको पुरात गेली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. घरात सगळे तिला ‘वहिनी’च म्हणत.

“अहो, तिचं नाव काय होतं?”

श्रीरंगांनी चष्मा पुसला. “इरावती.”

“लग्नात अंगठीनं तांदळात माझं नवं नाव लिहिलंत, तेव्हा तिची बीजं पेढीत होती?”

“मला ते नाव आवडायचं गं.”

“होती का?”

“होती. पेढी नाव बघून बीजं द्यायची. तुझी फळेनात, म्हणून...”

“माझी फळत नाहीत हे कळलं लग्नानंतर. नाव त्याआधीच बदललंत!”

श्रीरंगांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“आणि तिचा देह? मिळाला होता?”

“नाही.”

मग डॉक्टर हळूच म्हणाल्या, “पेढीत एक बीज अजून आहे. त्यातली केंद्रं शलाकाला पुरतील. पण दोघी वेगळ्या ठरल्या, तर ते पहिलीच्या सहीशिवाय मिळणार नाही. ती तर बेपत्ता.”

“आणि एकच ठरलो तर?”

“तर तुमची सही चालेल. तुम्ही ‘मीच ती’ म्हणालात, तर मी विलगकाचा निष्कर्ष बाजूला ठेवीन. मात्र एका बाईला एकच माहेर. नोंदीत पहिलीचंच राहील. एकदा जोडलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या होत नाहीत.”

“मग मी माहेरची सुलभा आठल्ये, तिचं काय?”

“लग्नाच्या दिवसापासून बेपत्ता. तुमच्या भावाला तशी सूचना जाईल.”

“तो वेंधळा खरोखरच शोधायला निघेल,” इरावतीबाई म्हणाल्या. हसू आलं नाही. काचेपलीकडे चाकांच्या खुर्चीत शलाका मान सावरायची धडपड करत होती.

त्यांनी पडद्यावर अंगठा टेकवला. “मीच ती.”

पडद्यावरच्या दोन आकृत्या सरकत एक झाल्या. खाली नवी चौकट उघडली. डॉक्टरांनी ती वाचून दाखवली, नियमच होता तसा. “बेपत्ता व्यक्ती, सुलभा आठल्ये. तिला शेवटचं कुणी पाहिलं?”

इरावतीबाईंनी श्रीरंगांकडे बोट केलं.

“ह्यांनी.”