नारिंगी टोपी उजव्या हाताला

“आत्याच्या म्हाताऱ्यांची वरात आज पुन्हा बर्फात रुतली!” कोर्बिनियन धापा टाकत उपाहारगृहातल्या बाकावर आदळला. “हुबर आजोबांचा गुडघा मुरगळलाय!”

व्हरोनीने डोकं वर केलं नाही. सकाळपासून पाहुण्यांच्या पोरांचे बूट आवळून तिची बोटं दुखत होती. शाळेला सुट्टी होती म्हणे! स्कीच्या गावात सुट्टी असते ती पाहुण्यांना. गावच्या पोरांनी फक्त राबायचं.

“पुन्हा त्याच गवताच्या कोठारामागे?” तिने विचारलं.

“तिथेच! बाहेर काढता काढता माझा जीव गेला.”

नवे व्यवस्थापक झांगर्ल यांनी यंदा प्रत्येकासाठी वेगळा वर्ग काढला होता. चिमुकल्यांचा एक, भरधाव जाणाऱ्यांचा एक, स्नोबोर्डवरून उड्या मारणाऱ्यांचा एक आणि म्हातारपणी पहिल्यांदाच स्की बांधणाऱ्यांचा एक. हा शेवटचा वर्ग व्हरोनीच्या बुर्गल आत्याचा. सगळं गावच तिला आत्या म्हणायचं, कारण सगळ्या गावाला स्की तिनेच शिकवली होती.

दार उघडून आत्या आत आली. तिने शिक्षकांचं लाल जाकीट काढलं आणि खुंटीला अडकवलं.

“झांगर्ल म्हणतो, धुक्यात मला दिसत नाही. उद्यापासून वर्ग दुसऱ्याकडे,” ती खाली बसत म्हणाली. “खरंच असेल रे. खांबांची नारिंगी टोपी उजव्या हाताला ठेवूनच उतरले मी, तरी चुकले. थकले आता.”

आत्या थकले म्हणाली! व्हरोनीने आता डोकं वर केलं.

“पण आत्या,” कोर्बिनियनची धाकटी बहीण आफ्रा म्हणाली, “एकाच जागी कसं कुणी रोज चुकेल?”

तिघांच्याही डोक्यात तो किडा शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. तिघं जांभया देत वर गेली. उताराच्या दोन्ही कडांना खांब असतात. उतरताना उजव्या कडेच्या खांबांना नारिंगी टोप्या, डाव्या कडेचे बिनटोपीचे. उन्हात त्यांच्याकडे कोण बघतो? धुक्यात मात्र सगळा भरवसा त्यांच्यावरच.

कोठाराजवळच्या वळणावर आफ्रा थबकली. “दादा, इथल्या टोप्या डाव्या हाताला आहेत!”

“डोळे उघडे ठेवून बोल गं!” म्हणत कोर्बिनियन वळला, आणि त्याचं तोंडच उघडं राहिलं. वळणावरचे सगळे खांब उलटसुलट! टोपी उजवीकडे ठेवायची म्हटलं तर माणूस खांबांच्या पलीकडे, थेट मऊ बर्फात!

“उडीवाल्यांच्या मैदानाला कुंपण हवं म्हणून इथले खांब नेले होते,” व्हरोनीला आठवलं. “परत लावताना घाईत कुठलेही कुठेही रोवले! आणि बोल लावला आत्याला!”

तिघं सांगायला गेली तेव्हा झांगर्ल कॉफी ढवळत होते. त्यांनी ऐकून घेतलं तेही अर्धवट. “खांब माझ्या माणसांनी लावलेत. तुमच्या आत्याची बाजू घेताय, कळतं मला. पळा आता, चिमुकल्यांचे बूट राहिलेत!”

बाहेर येताच आफ्राने पाय आपटला. व्हरोनी मात्र दरीकडे बघत होती. रोजच्यासारखं धुकं वर सरकत होतं.

“आज आत्याचा वर्ग कोण नेणार?” तिने विचारलं.

“साहेब स्वतः. म्हाताऱ्यांना उशिरा बोलावलंय.”

“मग त्याआधी आपणच साहेबांना तिथून उतरवू. नुसता मऊ बर्फ आहे, त्यांच्यासारख्याला लागणार नाही. आफ्रा, रडायला येतं ना तुला?”

“आत्ता? मला तर झोप येतेय!”

“तेच कर, दोन्हींत तोंड सारखंच दिसतं तुझं!”

दुपारी धुक्यात हातभर पलीकडचं दिसेना. झांगर्ल वर्गाआधी उतार बघायला वर आले, तेव्हा दोरावरच्या पाळण्याच्या थांब्याजवळ आफ्रा हुंदके देत उभी होती. “साहेब, भीती वाटते! खाली न्या ना आम्हाला!”

“हात्तिच्या! गावची पोरं आणि धुक्याला घाबरता?” झांगर्ल खुश झाले. “माझ्यामागे या. नियम काय? नारिंगी टोपी?”

“उजव्या हाताला!” तिघं ओरडली.

पहिले काही खांब नीट गेले. वळण आलं तशी तिघं हळूच थांबली. पुढून “ही बघा टोपी, हा बघा उजवा...” असा आवाज आला, आणि मग धप्प!

झांगर्ल कमरेपर्यंत रुतले होते. कोठाराची भिंत नाकासमोर होती.

“साहेब,” कोर्बिनियनने अदबीने विचारलं, “तुम्हालाही धुक्यात दिसत नाही का?”

झांगर्लनी मान वळवून खांबांकडे पाहिलं. “ओढा रे मला बाहेर,” ते हळू आवाजात म्हणाले.

बाहेर निघाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने खांब बदलले. मग तसेच ओलेचिंब उपाहारगृहात आले आणि सगळ्या म्हाताऱ्यांसमोर म्हणाले, “बुर्गलबाई, चूक माझी होती. तुम्ही बरोबर उतरत होता. मला माफ करा.”

“शाब्बास रे पोरांनो!” गुडघ्याला पट्टी बांधलेल्या हुबर आजोबांनी टेबल बडवलं. “माझा गुडघा फुकट गेला नाही! यांना पोटभर सूप वाढा!”

आत्या खुंटीजवळ गेली, लाल जाकीट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. मग डोळे पुसत म्हणाली, “चला मंडळी, धुकं आहे तोवर एक फेरी मारू.”

“आत्या, आज नको ना!” तिघं कळवळली.

“तुम्हाला कोण विचारतंय? मी माझ्या म्हाताऱ्यांना म्हणतेय!”

म्हातारी मंडळी खिदळत उठली. सूप येईपर्यंत व्हरोनी बूट न काढताच टेबलावर डोकं ठेवून झोपली होती.